परवान्यात नसलेल्या दोन बाटल्या

"पोरीला बोलवा, बाटलीवरचं इंग्रजी तिलाच वाचता येतं," कारकून बाहेर म्हणाले. मी पुस्तक मिटलं.

वडील कनेरगाव नाक्यावर आबकारीचे अमीन होते. संस्थानच्या सरहद्दीवरून आत येणारी दारू तपासायचं काम त्यांचं. दप्तर उर्दूत आणि बाटल्या इंग्रजीत. त्यामुळे मी सिकंदराबादच्या शाळेतून सुटीला घरी आले की वाचायला मला बोलावत. मी वाचायची, कारकून लिहायचे, मी आत जायची. त्यापलीकडे नाक्यावर माझा आवाज कुणी ऐकला नव्हता.

त्या दिवशी वाशीमहून हिंगोलीला निघालेली एका जहागीरदारांची मोटार उभी होती. त्यांच्याकडे बिअर आणि वाइनचा परवाना होता; अशा माणसांना तो सहज मिळे. व्हिस्की-ब्रँडीला वेगळी मंजुरी लागे. मोहाची दारू मात्र फक्त सरकारी ठेका घेतलेल्या गुत्तेदारानं विकायची. घरी गाळली की गुन्हा, मग मडकं केवढंही असो.

तसंच एक मडकं घेऊन पकडलेली बाई लिंबाखाली बसली होती. दारू देवासाठी आहे म्हणते म्हणून जमादार तिला चिडवत होता, "काहून वो मावशी, देव बी पिऊन राहिला काय?"

"पितो की. पन तुमच्यावानी फुकट न्हाई मागत."

कारकूनसुद्धा हसले. ती मात्र वडिलांकडे वळली. "साहेब, आज पोरीची हळद हाय, उद्या लगीन. देवापुढं शिंपडाया नेऊन राहिले. मला हिंगोलीला कोरटात धाडलं तर लेकराला हळद कोन लावंल?"

"कायदा आहे, बाई," वडील म्हणाले.

मी मोटारीतून उतरवलेल्या पेटीतल्या बाटल्या वाचू लागले. बिअर. बिअर. वाइन. तळाशी पेंढ्यात दोन बाटल्या व्हिस्कीच्या होत्या. मी थांबले.

जहागीरदार हसले. "वाइनच समज, बेटी. लिहू दे त्यांना."

वडिलांनी माझ्याकडे न पाहता कारकुनांना मान हलवून खूण केली. कारकुनांनी 'वाइन' लिहायला टाक दौतीत बुडवला.

अशी खूण मी आधीही पाहिली होती आणि मुकाट्यानं आत गेले होते. आज मात्र पाय आत वळेनात.

"ती व्हिस्की आहे, बाबा. यांच्या परवान्यात नाही. मावशींना हिंगोलीला नेणार असाल, तर यांनाही गुन्हेगार म्हणून त्यांच्या शेजारी बसवा. ते जमणार नसेल, तर मावशींना हळदीला जाऊ द्या."