अक्काचा पोलादी आकडा

"अक्का गेली... धार काढताना," अण्णा फोनवर एवढंच बोलला. मी शहरातून, राजारामपुरीहून, गावी पोचले, तर अण्णा, आमचा भाऊ, तिच्या रिकाम्या उजव्या बाहीत कुठूनसा आणलेला रबरी हात कोंबत होता. गोरा, गुळगुळीत, रंगवलेल्या नखांचा. माझं डोकंच फिरलं.

तरुणपणी गुऱ्हाळात ऊस सारताना चरकानं थोरल्या बहिणीचा, अक्काचा, हात ओढून नेला. इंजिन बंद होईपर्यंत रस लाल झाला होता. ती रडली नाही, चरकाला आणि देवाला शिव्या देत राहिली. हात कोपराखाली कापावा लागला. लग्न जमावं म्हणून वडिलांनी रबरी हात आणला. पाहुणे बघून गेले आणि तिनं तो उपसून गुळाच्या पेटत्या चुलवाणात फेकला. "बोटं मिटत न्हाईत, आणि म्हणं हात!" वडिलांनी थोबाडीत दिली, तेव्हा तिनं त्यांची काठी हिसकून गुडघ्यावर मोडली. लग्न राहिलंच. मग तिनं स्वतः जाऊन हाताच्या जागी पोलादी आकडा बसवून घेतला. खांदा पुढं रेटला की तो चिमट्यासारखा उघडायचा, सैल सोडला की मिटायचा. त्यानं ती वैरण ओढायची, बादली उचलायची तेव्हा कडी त्यावर खणकन वाजायची. 'थोटी' म्हणणाऱ्या एकाची कॉलर त्यातच धरून तिनं त्याला शेणात लोळवलं होतं.

गेल्या वर्षी मी तिला बॅटरीचा हात दाखवायला नेलं. उरलेल्या स्नायूंच्या इशाऱ्यावर त्याची बोटं अलगद मिटायची. अक्का बघतच राहिली.

"पाणी चालतंय?"

"नको, बिघडेल," डॉक्टर म्हणाले.

"रेडकाचं तोंड लागल्यालं कळतंय?"

"त्यावर काम चाललंय. स्पर्श कळणारे हात येतील."

"आलं की सांगा की मग. तवर म्हस थांबत न्हाय."

परतताना मात्र ती खिडकीबाहेर बघत आकडा उघडत-मिटत राहिली... तिला तो हात हवा होता.

मी अक्काच्या बाहीतला तो रबरी हात उपसून अंगणात भिरकावला. अण्णा अंगावर धावून आला. "लोकांत अशी थोटी न्हेऊ व्हय तिला?"

"ती अशीच जगली!" मी त्याला ढकललं, तो गव्हाणीवर आपटला. कपाळातून रक्त आलं. कुणी मध्ये पडलं नाही. मी तिला आकडा बांधला.

राख सावडताना आकडा अण्णालाच सापडला, काळाठिक्कर. त्यानं तो गोठ्याच्या खांबाला ठोकला. अक्का गेल्यापासून म्हैस लाथा झाडत होती, कुणाला हात लावू देत नव्हती. आता अण्णा पहाटे बादली त्या आकड्याला अडकवतो. कडी वाजते, आणि म्हैस पान्हा सोडते.