करवंदाचे डोहाळे

करवंद ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, अशी माझी समजूत होती. समजूत कसली, माजच म्हणा. जन्म जावळीच्या खोऱ्यातला. शाळा बुडवून करवंदीच्या जाळ्यांत शिरायचं, ओठ काळे करून घरी यायचं आणि मार खायचा, एवढ्या शिदोरीवर मी स्वतःला वनस्पतिशास्त्रज्ञ समजत होतो.

ऐंशीच्या दशकात मी जयपूरला रेल्वेत कारकून होतो. आमच्याच खोऱ्यातल्या मुलीशी लग्न होऊन वर्ष झालं होतं, बायकोला दिवस गेले होते आणि तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन असंच उतरत गेलं तर दोन्ही जिवांना धोका आहे. काहीही करा, पण हिला खायला घाला. मी विचारलं, "तुला काय खावंसं वाटतंय ते सांग." ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "करवंदं."

"हात्तिच्या! एवढंच ना?"

एवढंच! श्रावण चालू होता. आमच्याकडची करवंदं पाऊस लागला की संपतात, हे शेंबडं पोरही सांगेल. पण मी बोलून बसलो होतो. रविवारी पिशवी घेऊन नाहरगडाच्या उतारावर गेलो, दिसेल त्या काट्यात हात घातला आणि रिकामी पिशवी अन् फाटका सदरा घेऊन परत आलो.

शेजारच्या मारवाडी भाभीजी म्हणाल्या, "करौंदे? अरे भाईसाहब, चारदीवारी में ढेर लगे हैं!" जुन्या शहराच्या तटबंदीतल्या बाजारात गेलो. ढीग होते खरे, पण सगळी गुलाबी-पांढरी, गुबगुबीत, गालांना रंग लावल्यासारखी. मी नाक मुरडलं. करवंद म्हणजे काळं कुळकुळीत. हे कसलं सोंग! विकत तर घेतली नाहीतच, वर घरी येऊन बायकोला या विषयावर व्याख्यान दिलं. ती बिचारी बादलीशी बसून ऐकत होती.

मग मी गावी मोठ्या भावाला निरोप धाडला. सुट्टीवरून परतणाऱ्या एका साताऱ्याकडच्या फौजीबरोबर ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं करवंदीचं रोप आलं. अंगणात खड्डा केला, शेणखत घातलं, रोप लावलं आणि झारी हातात धरून ऐटीत बायकोला हाक मारली. तिनं दाराला टेकून विचारलं, "फळं कधी धरतील?"

"तीन-चार वर्षांत."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, मला डोहाळे लागलेत. वनमहोत्सव नाही."

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तर घरात कुणी नाही. दवाखान्यात नेली की काय! शेजारी धावलो. बाईसाहेब भाभीजींच्या स्वयंपाकघरात फतकल मारून बसल्या होत्या. ताटात करौंदे-मिरचीची भाजी, आणि फुलक्यामागून फुलका चालला होता. तीच ती गुलाबी सोंगं! मी दारातच उभा राहिलो. आत्ता उठेल, मोरीकडे धावेल म्हणून वाट बघत होतो. तिनं हात धुतले, ढेकर दिली आणि भाभीजींशी गप्पा मारत बसली. अन्न पोटात ठरलं होतं.

मला रडूच आलं. ते लपवायला परसात गेलो आणि दोन्ही घरांमधल्या कुंपणाला हात टेकला, तर काटा लागला. जोडीजोडीनं आलेले काटे, चकचकीत जाड पान, आणि पान तोडल्यावर पांढरा चीक. जयपूरला आल्यापासून ज्या कुंपणावर मी टॉवेल वाळत घालत होतो, ते करवंदीच्या भावकीतलंच निघालं. मी पान गुपचूप खिशात टाकलं.

मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. भाभीजींच्या हातचे करौंदे खातच वाढली. माझं रोप अंगणात पसरत गेलं, येणाऱ्याजाणाऱ्यांचे कपडे फाडत. लेक शाळेत जायला लागली त्या उन्हाळ्यात त्याला पहिल्यांदा वाटीभर काळी करवंदं आली. मी समारंभच मांडला. लेकीला आमचा खेळ शिकवला: करवंद अर्धं चावायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. तिनं चावलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि थुंकून टाकलं.

"पप्पा, इसमें मिर्ची नहीं डाली?"

बायको पोट धरून हसायला लागली. मी चिडून वाटी तिच्यापुढे सरकवली. "घे, तू तरी खा. डोहाळे तुझेच होते ना?"

"माझे कुठले? हिचे होते," असं म्हणत तिनं एक करवंद तोंडात टाकलं. मग दुसरं. मग वाटी उचलली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचं हसू थांबलं होतं.

"अगं, कोंबडा की कोंबडी?" मी विचारलं.

तिनं नुसतं नाक ओढलं. बऱ्याच वेळानं वळली, तेव्हा ओठ काळे झाले होते आणि वाटी रिकामी होती. मला एकही ठेवलं नव्हतं.