अंगठ्यातली सुई

आमच्या घरी अंगठा मुडपून धार काढायची रीत होती. अंगठ्याची कांडी आत घालायची, म्हशीचा सड तिच्यावर दाबायचा आणि खाली ओढायचा. आईनं मला तशीच शिकवली आणि लग्न होऊन शिवाजी पेठेत आल्यावर अकरा वर्षं, दोन वेळा, मी तशीच धार काढली. अकराव्या वर्षी अंगठ्याच्या बुडाशी, मनगटात अशी कळ यायला लागली की भाकरी थापताना डोळ्यांत पाणी यायचं. तांब्या उचलला की हातातनं सुटायचा.

मालकांना सांगितलं, तर म्हणाले, सोंगं करू नकोस. आमचे मालक तालमीतले. मिशा पिळलेल्या, दंड दुसऱ्याच्या मांडीएवढे. ह्यांच्या लेखी हाड मोडल्याशिवाय दुखणं नसतंच. धार काढणं बाईचं काम, त्यात दुखण्यासारखं काय असतंय, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगते, मला औषधापेक्षा एकच गोष्ट हवी होती. माझं दुखणं खरं आहे असं ह्या माणसानं एकदा तरी तोंडानं म्हणावं.

शेवटी मीच पेठेतल्या डॉक्टरांकडं गेले. म्हातारे गृहस्थ, मऊ बोलणारे. काम काय करता, करून दाखवा म्हणाले. आता तिथं म्हस कुठनं आणू? त्यांचंच बोट धरलं आणि दोन धारा ओढल्या. डॉक्टर खुर्चीतनं निम्मे उठले.

मग बोट चोळत त्यांनी सांगितलं की अंगठ्याची शीर ज्या खोळीतनं सरकते ती खोळ सुजलीय, तिच्यात सुई मारावी लागेल. कॉर्टिझोन का कायसं नाव घेतलं. त्यात बधिर करायचं औषधही मिसळलं. दंडावरची सुई मला माहीत होती, मनगटात कुणाला मारलेली मी ऐकलीही नव्हती. सुई आत शिरली तसा मी डॉक्टरांच्या अख्ख्या खानदानाचा उद्धार केला, अर्थात मनातल्या मनात. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत कळ गायब! डॉक्टर मागनं बजावत होते, पंधरा दिवस धार काढायची नाही. दुखतच नाही तर विश्रांती कशाची? घरी आले, पदर खोचला आणि बादलीभर दूध काढून मोकळी झाले.

बधिरपणा उतरला आणि संध्याकाळपर्यंत मनगट टम्म फुगलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझी चांगलीच खरडपट्टी काढली. लगेच दुसरी सुई देता येत नाही म्हणाले. मालकांनाही बोलावून घेतलं आणि सांगितलं, आता हिनं धार काढली तर शीर तुटेल, अंगठा कामातनं जाईल. वाटेत मालक म्हणाले, डॉक्टर लोकांना सुया खपवायच्या असतात.

तरी मालकच बादली घेऊन रुबाबात गोठ्यात गेले. म्हशीनं पान्हा चोरला, वर लाथ घालून बादली उलटी केली. दोन दिवस हेच. कास तटतटली. अशीच राहिली तर म्हस आटणार, तेव्हा मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. तिला सवय माझ्या वासाची. मी माझं रोजचं लुगडं त्यांच्यापुढं टाकलं. त्यांनी आधी गोठ्याला आतनं कडी घातली, मग नेसले, मिशांवरनं पदर ओढला. म्हशीनं वळून हुंगलं आणि गपगुमान पान्हा सोडला. मी फळीच्या फटीतनं बघत होते. हसू दाबून दाबून माझं पोट दुखलं.

तेव्हापासनं दोन वेळा लुगडं. एकदा तालमीतलं कुणी हाक मारत आलं, तर मी सांगितलं, मालक आंघोळ करताहेत.

सोळाव्या दिवशी हात दाखवायला निघाले, तर मालकही बरोबर आले. डॉक्टरांनी माझा अंगठा दाबला, वळवला. बरा झालाय म्हणाले, आता अंगठा न मुडपता मुठीनं पिळत जा. मी उठले, तर माझ्या जागी मालक बसले आणि उजवा हात पुढं केला. अंगठ्याच्या बुडाशी लालभडक सूज. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? बाकावर तालमीतलेच चौघे बसलेले.

"म्हशीची धार काढतो," मालक खाली बघून म्हणाले.

सुई मनगटात शिरली तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला. एवढा दांडगा माणूस, डोळ्यांत पाणी.

"एवढं दुखत असताना तू धार काढत हुतीस व्हय गं?" म्हणाले. "खरं हुतं की तुझं."

ह्याच शब्दांसाठी मी झुरले होते, आणि आता मान वर करायची लाज वाटत होती. कारण माझी कळ आठव्या दिवशीच गेली होती. नवव्या सकाळी सांगायला म्हणून गोठ्याकडं गेले, फटीतनं बघितलं, तर मालक पदर सावरत, अंगठा मुडपून धार काढत होते. बघून इतकं गार वाटलं की तशीच माघारी फिरले. पुढं आठवडाभर तोंड वाकडं करून कण्हत राहिले. माझं दुखणं त्यांना पटलं ते असं, मला काहीच दुखत नसताना. मी त्यांचा हात सोडला नाही, आणि हे त्यांना शेवटपर्यंत सांगितलंही नाही.