चार पावलं मागे

पॅरिसच्या त्या नावाजलेल्या चित्रसंग्रहालयात आमच्या सहलीला जेमतेम अर्धा तास मिळाला होता. कमळतळ्याचं भलंमोठं चित्र वहिनीने आधी अगदी जवळून पाहिलं. मग, रोज दारात रांगोळी काढून झाल्यावर करते तशी, ती चार पावलं मागे सरकली आणि डोळे बारीक करून बघत राहिली.

"भाऊजी, जवळून नुसते रंगाचे ठिपके, पण लांबून पाणी हलतंय बघा!"

"तुला काय कळतंय त्यातलं? चल, बस निघेल," दादा खेकसला.

माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं हा माणूस तिच्या रांगोळीवरून पाय वाचवत ऑफिसला गेला. एकदा तरी थांबून खाली बघितलंय? म्हणे, चित्र कळावं लागतं. अरे, आधी जरा मागे सरकावं लागतं!

बसमध्ये अंताक्षरीचा माइक फिरत दादाकडे आला. तो ऐटीत म्हणाला, "चित्र बघायचीही एक रीत असते. जवळून नुसते ठिपके, पण लांबून पाणी हलतं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी खिडकीबाहेर बघत राहिली.

दादाचा संताप आलाच. पण त्याहून जास्त आला तो माझ्या हातांचा. तेही टाळ्या वाजवत होते.