चुलीमागचा कोपरा

मी मूळचा सांगलीचा. चाळीसच्या दशकात, लढाई संपल्यावर, रहिमतपुरात मास्तरकी करत होतो. जुन्या घरांचा इतिहास शोधायचा मला नाद होता. म्हणून घरमालकांनी काम सांगितलं: मागच्या दोन खोल्या मुळात घर होत्या की गोठा, ते ठरवायचं. तिथं त्यांची विधवा भावजय राहायची. घर ठरलं तर खोल्या तिच्या वाटणीच्या. गोठा ठरला तर मालकांच्या.

तिचा नवरा पलटणीत होता, लढाईत गेला. जाताना सांगून गेलेला, हे पणजोबांचं घर, चुलीमागच्या कोपऱ्यात वास्तुपुरुष पुरलाय. ती सणासुदीला तिथं नैवेद्य ठेवायची.

मालक म्हणाले, "वैनी, म्हशीसाठी कुनी वास्तुशांत घालतंय व्हय?"

"मग उकरा की. मास्तरांनी बघावं. ते सांगतील ते मला कबूल."

देव उकरलेला बघवणार नाही म्हणून ती नदीवर गेली. मालक गुळाच्या गाडीबरोबर बाजारात गेले. मी पहार घेतली. हातभर खाली तांब्याची डबी लागली. आत वास्तुपुरुषाची प्रतिमा. मी डबी होती तिथंच ठेवली, माती लोटली, चोपली आणि वर सारवलं. सारवण मला बरं जमलं. मालकांच्या ओसरीवरच्या खोलीत मी बिनभाड्याचा राहत होतो आणि शाळेतली नोकरी त्यांच्या शब्दानं कायम व्हायची होती. पण तेव्हा इतका सगळा विचार केला, असंही म्हणवत नाही.

"काय घावलं?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"मंग जाताना ह्यांनी मला लबाड सांगितलं," ती म्हणाली. खोल्यांचं नावही काढलं नाही. त्याच आठवड्यात खंडाळ्याला भावाकडे गेली.

माझी नोकरी कायम झाली. पुढं मी कुठल्याच घराचा इतिहास शोधला नाही. कुणी तसलं काम सांगितलंही नाही.

परवा खंडाळ्याला जाऊन तिला सगळं सांगितलं. ती शेंगा फोडत बसली होती. ऐकताना हात थांबला नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "खोल्यांचं ऱ्हाऊ द्या, त्या घिऊन आता मी काय करू? पर आवं मास्तर, तवापास्नं मी ह्यांच्या फोटूला हार घातला न्हाई. त्याचं काय करायचं, तेवढं सांगा."