शांती दालनातला अर्धा फोटो

सुचेता पेडणेकरांना कुणी शांतताप्रिय बाई म्हटलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं. "मी शांत-बिंत नाहीये. मला लोकांची घाण वाटली, म्हणून मी या कामात पडले," असं त्या तोंडावर सांगत.

त्र्याण्णवच्या दंगलीत त्या भायखळ्याला राहत होत्या, टेलिफोन खात्यात नोकरीला. गल्लीतली बेकरी टोळक्याने जाळली आणि ज्या शेजाऱ्यांनी रोज तिथून पाव नेले होते, तेच पिठाची पोती उचलून नेताना त्यांनी पाहिले. समोरच्या चाळीतल्या मेहजबीन मुकादमनीही ते पाहिलं. मेहजबीन रत्नागिरीकडच्या, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलणाऱ्या. दोघींनी मिळून बायकांची शांतता समिती काढली. अफवा उठली की दोन्हीकडच्या बायका एकत्र जाऊन खरं काय ते बघून येत आणि घरोघर सांगत. त्यासाठी दोघींनी शिव्या खाल्ल्या. सुचेताताईंच्या दारावर तर शेणही फेकलं गेलं.

पुढे सुचेताताई भाईंदरला गोडदेवला राहायला आल्या, मेहजबीन मीरा रोडला. समितीची पत्रकं, फोटो, मराठी-उर्दू बॅनर आणि बायकांनी स्वतःच्या आवाजात सांगितलेल्या हकिगतींच्या कॅसेट गोडदेवच्या लोखंडी कपाटात आल्या. डांबराच्या गोळ्या घालून, कसर झटकून सुचेताताईंनी ते सगळं सांभाळलं. सत्तरी उलटली, तेव्हा आपल्यामागे हे रद्दीत जाईल अशी भीती त्यांना वाटायला लागली.

त्याच सुमाराला मुर्ध्याकडच्या एका बिल्डरच्या ट्रस्टने नव्या टॉवरच्या तळमजल्यावर 'शांती दालन' उघडायचं ठरवलं. ट्रस्टचा मॅनेजर स्वप्नील घरी आला, पाया पडला, सगळं जपून ठेवण्याचा शब्द दिला आणि खोकी टेम्पोत घालून घेऊन गेला.

उद्घाटनाला सुचेताताई मेहजबीनला सोबत घेऊन गेल्या. दारात अत्तर शिंपडत होते. आत पांढरे फुगे, पांढरी कबुतरं रंगवलेली भिंत, तिच्यापुढे सेल्फी काढणारे लोक. समोरच्या भिंतीवर त्यांचा मोर्च्यातला फोटो मोठा करून लावला होता. मूळ फोटोत बॅनरचं एक टोक सुचेताताईंच्या हातात होतं, दुसरं मेहजबीनच्या. इथे बॅनरचा मराठी भाग तेवढा होता. उर्दू मजकूर जिथे सुरू व्हायचा तिथे फोटो संपत होता. कडेला कापडाची किनार धरलेली चार बोटं दिसत होती.

मेहजबीन चष्मा पुसून जवळ गेल्या. "ही बोटं माझी," एवढंच त्या म्हणाल्या.

सुचेताताईंनी स्वप्नीलला गाठलं. "फोटो का कापला?"

"मॅडम, फ्रेमची साइज बसत नव्हती. आणि साहेब म्हणाले, कॉन्ट्रोव्हर्सी नको. पॉझिटिव्ह ठेवूया."

"मूळ वस्तू कुठे आहेत?"

"स्कॅन झालंय ना सगळं. पेपरला वास येत होता. खाली ठेवलंय."

खाली म्हणजे तळघरात, पाण्याच्या पंपाशेजारी. खोक्यांच्या तळाशी ड्रेनेजचं पाणी मुरलं होतं. पत्रकांचा लगदा झाला होता, त्यावर काळी बुरशी आणि उंदरांच्या लेंड्या. कॅसेटची फीत बाहेर येऊन चिकटून बसली होती. कॅसेटचं काय केलं, असं विचारल्यावर त्या स्कॅन होत नाहीत, असं स्वप्नीलने उत्तर दिलं. वर माईकवर कुणीतरी प्रेमाचा संदेश देत होतं, ते खालपर्यंत ऐकू येत होतं. सुचेताताईंना उलटी झाली. तोंड पुसून त्यांनी पदर खोचला आणि हातांनी तो लगदा उपसायला लागल्या. मेहजबीन रिक्षा बोलवायला गेल्या.

जेवढं वाचलं तेवढं दोघींनी मेहजबीनच्या गॅलरीत वाळवलं. बॅनर धुऊन निघाला. फोटो निम्मे गेले. कॅसेट एकही चालली नाही.

तेव्हा दोघींनी हयात असलेल्या बायकांकडे जाऊन मोबाइलवर पुन्हा रेकॉर्डिंग करायचं ठरवलं. पहिल्या विमलाबाई, भायखळ्याच्या त्याच गल्लीतल्या. आता त्याही भाईंदरलाच मुलाकडे होत्या. दंगलीत बेकरीवाल्याच्या दोन मुलींना त्यांनी पोटमाळ्यावर लपवलं होतं. दारात आलेल्या टोळक्याला त्यांनी देवाची शपथ घेऊन खोटं सांगितलं होतं. जुन्या कॅसेटवर ते सांगताना त्या हसल्याही होत्या.

विमलाबाईंनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत मुलगा होता. मग म्हणाल्या, "मी असलं काही केलं न्हवतं. तुम्ही दुसऱ्या कुणाचं सांगताय."

"अहो विमलाबाई, तुमच्याच तोंडून ऐकलंय मी."

"न्हाय. आणि इथे कुणाला सांगू नका. आमच्या सोसायटीत चालत नाय असलं."

बाहेर आल्यावर सुचेताताई रस्त्याच्या कडेला थुंकल्या. आयुष्यात पहिल्यांदाच असं केलं असेल. "लूट करणारे आज छाती काढून फिरतात, आणि हिला चांगुलपणाची लाज वाटते. मी नावासकट लिहिणार."

"नाव नको, सुचेता," मेहजबीन म्हणाल्या. "तिला इथेच राहायचंय. तब भी डर था, अब भी है."

दोघींचं त्यावरून भांडण झालं, आठवडाभर फोन बंद होता. शेवटी सुचेताताईंनी ऐकलं, पण मनापासून नाही. त्यांनी मुलींची हकीगत लिहिली, सांगणारीचं नाव गाळलं, आणि खाली लिहिलं: 'ही बाई हयात आहे. आपण हे केलंच नाही असं ती आता म्हणते. का म्हणते ते वाचणाऱ्याने शोधावं.'

उरलेला संग्रह त्यांनी मुंबईतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयाला दिला. काहीही कापायचं नाही आणि फुगे लावायचे नाहीत, या दोन अटी लेखी घेतल्या. ग्रंथपाल दुसऱ्या अटीवर हसला. सुचेताताई हसल्या नाहीत. सही होईपर्यंत त्या समोर बसून राहिल्या.