काश्मीरचे दगड आणि एका माणसाचा गुडघा

मंडळी, आज सकाळी घसरून पडले. एक्स-रे बघून डॉक्टरांनी विचारलं, "हे मनगट आधीही मोडलं होतं का?" मोडलं होतं. सत्तरच्या दशकात, आपल्या कोल्हापुरातच. घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे, म्हणून लिहिते.

तेव्हा मी कॉलेजात काश्मीरहून आणलेल्या दगडांवर संशोधन करत होते. त्यांत ब्रायोझोआचे जीवाश्म होते, म्हणजे समुद्रातल्या इवल्या जिवांच्या जाळीदार वसाहती, डायनोसॉरच्याही आधीच्या. भिंगाखाली जाळीची भोकं मोजून जात ओळखायची. त्यातली एक जात तोवर कुणीच नोंदवलेली नव्हती.

एका बंदच्या दिवशी, कॉलेज चालू ठेवलं म्हणून, जमाव प्रयोगशाळेत घुसला. जवळचे धोंडे संपल्यावर त्यांनी आमचेच दगड भिरकावले. एक माझ्या मार्गदर्शक सरांच्या कपाळावर बसला, रक्ताची धार लागली. एकाने नेमका नव्या जातीचा दगड उचलला. मी तो धरून ठेवला, तशी त्याने माझ्या मनगटावर लोखंडी गज हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग डाव्या हाताने दगड फोडायचा हातोडा उचलून त्याच्या गुडघ्यावर घातला.

तो किंचाळत कोसळला, बाकीचे पळाले.

सरकारी दवाखान्यात तो आणि मी एकाच बाकावर होतो.

"बाई, त्या दगडात सोनं हाय व्हय?"

"नाही. त्यातल्या जिवाला अजून नाव नाही."

"आनि माझा गुडघा?" तो म्हणाला.

पुढे त्या जातीचं वर्णन छापून आलं. तो मंडईत काठी टेकत चालताना दिसायचा. मला कधीच वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं का?